तिले बोलू दे

"थांब. तिले बोलू दे."

गाडी गॅरेजात शिरली, ड्रायव्हर खाली उतरला आणि दुखणं सांगायला त्यानं तोंड उघडलं, की आमचा मिस्त्री उजवा हात वर करून एवढंच म्हणायचा. ड्रायव्हर लोकांना याचा फार राग येई. वीस मैल धूळ खात गाडी आणलेल्या माणसाला आपली हकिकत सांगायची असते. कुठल्या पुलावर काय वाजलं, कुठल्या चढावर गाडी अडली, वाटेत कोणी काय सल्ला दिला. मिस्त्री त्यातलं काही ऐकून घेत नसे. इंजिन चालू ठेवायला सांगायचा, डोळे मिटायचा आणि कमरेला खोचलेली सागाची काडी काढायचा.

ही काडी दीड वीत लांब आणि अंगठ्याएवढी जाड होती. तिचं चपटं टोक तो दातांत धरायचा आणि दुसरं टोक इंजिनाला टेकवायचा. आधी इथं, मग तिथं, मग जरा खाली. वैद्य नाडीवर बोटं सरकवतो तसं. मग काडी काढून, टोक सदऱ्याला पुसून, एक शब्द बोलायचा. "बेरिंग." किंवा "टॅपिट." किंवा ड्रायव्हरकडे न बघताच, "घरी ने, काई नाई झालं तिले."

तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल. त्याचं काम बघताना आपण उगाचच श्वास रोखून उभे राहतो आणि त्यानं शब्द उच्चारला की आपल्यालाच काहीतरी कळल्यासारखं वाटतं. मी तर रोज पाहायचो. पन्नासच्या दशकात मी पुलगावला एका खाजगी मोटार सर्व्हिसच्या गॅरेजात स्टोअरबाबू होतो. पत्र्याची शेड, मधोमध एक खड्डा, मागे कडुलिंब आणि त्याच्याखाली भंगाराचा ढीग. आमच्या बसगाड्या देवळी, आर्वी, आंजीकडे जायच्या आणि मोडून परत यायच्या. नट, बोल्ट, पट्टे, वायसर जाळीच्या खिडकीतून द्यायचे आणि वहीत लिहायचे, एवढं माझं काम. खिडकीसमोरच खड्डा असल्यामुळे मिस्त्री दिवसभर माझ्या नजरेसमोर असे.

तो माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा होता. मी त्याला "काय रे मिस्त्री" म्हणायचो आणि तो मला "बाबू, तुमी" म्हणायचा. आता लिहिताना "ते म्हणाले, ते आले" असं लिहावंसं वाटतं. पण तसं लिहिलं तर तेव्हाचा मी फार चांगला माणूस होतो असा तुमचा समज होईल. तेव्हा "तो"च राहू द्या.

त्याच्या कानाची ख्याती जिल्हाभर होती. एकदा आमचा एक ड्रायव्हर आठ दिवस तक्रार करत होता, की स्टेअरिंगच्या खांबातून टकटक आवाज येतो. दोन जणांनी खांब उघडून पाहिला. काही सापडलं नाही. गंमत म्हणजे दुसरा ड्रायव्हर बसला की आवाज बंद. शेवटी मिस्त्री त्या ड्रायव्हरच्या शेजारी बसून नाचणगावच्या फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. खाली उतरून त्यानं ड्रायव्हरच्या कमरेला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा हातात धरला. जुडग्यात घराच्या, पेटीच्या, गोठ्याच्या किल्ल्या, कान कोरायची कोरणी आणि एक पितळी चिमटा होता.

"आजार गाडीले नाई," मिस्त्री म्हणाला. "तुया गोठ्याच्या किल्लीले हाये."

गॅरेजात पुढे महिनाभर त्या ड्रायव्हरला कोणी नावानं हाक मारली नाही. गोठाच म्हणायचे.

हे सगळं खरं. आणि तरीही हा माणूस बहिरा होत चालला होता, हेही तितकंच खरं.

मला ते एका चहामुळे कळलं. तो खड्ड्याच्या कडेला पाठमोरा बसला होता. मी म्हटलं, "मिस्त्री, चहा आला." हूं नाही की चूं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग खिडकीतून एक मोठा पाना फरशीवर टाकला. खण्णकन आवाज झाला, कडुलिंबावरचे कावळे उडाले. मिस्त्री आपला शांतपणे चकती पुसत होता. एका क्षणात मला वर्षभराच्या कितीतरी गोष्टी उलगडल्या. तो सगळ्यांना "समोर येऊन बोल" का म्हणायचा, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे का बघायचा, पूर्वी काडी कानाला लावायचा ती दातांत का धरू लागला. आणि "तिले बोलू दे" म्हणून ड्रायव्हरला गप्प का करायचा, तेही. ड्रायव्हर काय सांगतोय ते त्याला ऐकूच येत नव्हतं.

मी त्याच्या समोर जाऊन उकिडवा बसलो. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं समजलं.

"डावा कान लढाईत गेला, बाबू," तो म्हणाला. "आसामात. आमच्या वर्कशॉपच्या बाजूले दारूगोळ्याचा ट्रक उडाला. उजवा आता आपल्या मनानं जाऊन राह्यला."

"मग गाड्यांचं कसं ऐकतोस?"

"कानातून येत नाई. पण दाताच्या हाडातून येते. साफ येते." मग तो म्हणाला, "कोणाले सांगू नका. बहिऱ्या मिस्त्रीकडे कोण गाडी आनते?"

मी वचन दिलं. असली वचनं द्यायला काही लागत नाही, आणि मी ते पाळलं. किती पाळलं ते पुढे येईलच.

त्यानंतर आमची दोस्ती वाढली. दोस्ती म्हणजे काय, तर दुपारी मी त्याच्या समोर तोंड करून गावातल्या बातम्या सांगायचो आणि तो मान डोलवायचा. एकदा माझ्या बायकोचं शिवणयंत्र कुरकुरायला लागलं, म्हणून मी त्याला घरी नेलं. ओसरीवर यंत्र आणून ठेवलं. त्यानं बायकोला पायडल मारायला सांगितलं, काडी दातांत धरली आणि दोन मिनिटांत खालच्या दांड्याचा एक ढिला स्क्रू दाखवला. बायको खूश झाली. तिनं चहा केला. माझा चहा कपबशीत आला आणि त्याचा चहा एका कान तुटलेल्या कपात. तो कप आमच्याकडे बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. कोणासाठी ते आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नसे.

मिस्त्रीनं कप हातात फिरवून पाहिला. बायको आत गेली होती.

"कपाले बी कान नाई, मले बी नाई," तो मला म्हणाला. "जोडी जमली, बाबू."

मी हसलो. हसण्याशिवाय मी दुसरं काही केलं नाही. मग चहा संपवून त्यानं काडी सदऱ्याला पुसली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या, एकडाव ऐकून पाहा. तुमाले वाटते मी जादू करतो. जादू नाई. कोनाले बी ऐकू येते."

"नंतर," मी म्हणालो. "आत्ता उशीर होतोय."

उशीर कशाला होत होता देव जाणे. रविवार होता. त्यानं काडी परत कमरेला खोचली. तो गेल्यावर बायकोनं यंत्र ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मी वर्तमानपत्र वाचत बसलो.

छप्पनच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. नाचणगावची त्याची सगळी वस्ती गेली होती. परत आला तो पांढरा स्वच्छ सदरा घालून. आमच्या गॅरेजात दसऱ्याला पान्यांची, हातोड्यांची पूजा व्हायची आणि मिस्त्री सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर उभा राहून नारळाचा तुकडा ओंजळीत झेलायचा. त्या साली तो नव्हताच. मालकांनी चार दिवस तोंड पाडलं, पण बोलले काही नाहीत, कारण त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. मी विचारलं, "काय रे, काय फरक पडला?" तो म्हणाला, "मान दुखत नाई आता." मला तेव्हा ते विनोदानं बोलल्यासारखं वाटलं.

त्याच्या पुढच्या साली ती गाडी आली.

गाडी देवळीच्या एका कापूस-जिनिंगवाल्यांची. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. पायापासून टोपीपर्यंत खादी, सभेत बोलायला उभे राहिले की स्वच्छ, मुद्देसूद बोलणारे, कधी कुणावर आवाज न चढवणारे गृहस्थ. गाडी लढाईआधीची अमेरिकन, लांब नाकाची, देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली. तिचं मूळ इंजिन कधीच गेलं होतं. भाऊसाहेबांनी तिच्यात ट्रकचं जडशीळ इंजिन बसवून घेतलं, आणि त्यामुळे पुढचा भाग इतका जड झाला, की वळण घ्यायला ड्रायव्हरला जागेवरून उठावं लागे. मग नागपूरच्या कोणा कारागिरानं लष्कराच्या भंगारातल्या चिलखती गाडीचं तेलाच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग काढून तिला जोडून दिलं. इंजिनावर पट्ट्यानं फिरणारा एक पंप, तेलाचा डबा, दोन रबरी नळ्या. आणि चमत्कार झाला. ती अवजड गाडी एका बोटानं वळायला लागली. देवळीत कोणी पाहुणा आला, की भाऊसाहेब त्याला गाडीत बसवून म्हणत, "करंगळी लावा. नुसती करंगळी."

आणि आता चाक फिरवलं की गाडी कण्हत होती. सरळ चालताना गप्प, वळण आलं की पोटातून मोठा घुमणारा आवाज. म्हैस व्यायला आल्यावर कण्हते तसा. गाडी तापली की जास्त. भाऊसाहेबांच्या पाहुण्यांनी करंगळी लावली की दचकून हात मागे घ्यायला सुरुवात केली होती.

आमच्या मालकांनी आदल्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. मी तिथंच होतो. "भाऊसाहेबांच्या जिनाच्या साऱ्या ट्रका आपल्याकडे येऊ शकतात," मालक म्हणाले. "ही गाडी नीट झाली तर तू हेड मिस्त्री. नाई झाली, तर मी नागपूरहून माणूस आणतो, मग मले बोलू नको."

मिस्त्री बाहेर आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उजळला होता. लढाईत त्यानं याच जातीच्या चिलखती गाड्या उघडल्या होत्या. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात त्या पंपाच्या आत काय असतं हे पाहिलेला तो एकटा माणूस होता.

"ही झाली का मंग मले कोनी कानाचं इचारनार नाई, बाबू," तो म्हणाला. "तिच्या पोटातलं मले सारं माईत हाये. फक्त कुठं दुखते ते तिनं सांगाले पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शेडमध्ये उभी राहिली. भाऊसाहेब खुर्चीवर, मालक त्यांच्या शेजारी, आमची सगळी माणसं अर्धवर्तुळात. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर काही सांगायला पुढे झाला. मिस्त्रीनं हात वर केला.

"थांब. तिले बोलू दे."

आधी त्यानं डोळ्यांनी पाहायचं ते पाहिलं. डब्यातलं तेल बरोबर होतं, पट्टा ताणलेला होता, कुठं गळती नव्हती. मला खिडकीतून समजावत होता, "असा आवाज तीन जागून येते, बाबू. एक खालची पेटी, एक पंप, एक तेल ओढनारी नळी. आवाज तिन्हीकडं फिरते. पन निघते एकाच जागून." मग त्यानं ड्रायव्हरला चाक हळूहळू फिरवायला सांगितलं, काडी काढली आणि दातांत धरली.

खालच्या पेटीला टेकवली. डोळे मिटले. मान हलवली, इथं नाही. मग पंपाला टेकवली. त्याच्या भुवया वर गेल्या. आवाज तिथं मोठा होता हे मला इतक्या लांबून त्याच्या कपाळावर दिसलं. तरी त्यानं शब्द उच्चारला नाही. काडी काढली आणि नळीकडे नेली.

"अरे, तोंडातली काडी गाडीले लावून राह्यला काय तू?"

हे ड्रायव्हर बोलला. मिस्त्रीला ऐकू आलं नाही. तो वाकलेलाच होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, तेव्हा त्यानं डोळे उघडले.

भाऊसाहेब खुर्चीवरून उठून आले. रागावले वगैरे अजिबात नव्हते. मालकांना बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "माझं काही नाही हो. मी तर सगळ्यांच्या पंक्तीला बसतो, तुम्हाला माहीत आहे. पण घरी आई आहे. तिला देवाला याच गाडीतून न्यावं लागतं. गाडी उष्टी झाली असं तिच्या कानावर गेलं, तर ती पाय ठेवायची नाही. म्हाताऱ्या माणसाला काय समजावणार?"

गाडी उष्टी! आता हसायला येईल तुम्हाला. मलाही येतं. ताट उष्टं होतं, भांडं उष्टं होतं, पण चार चाकांचं, टनभर लोखंडाचं धूड एका काडीनं उष्टं होऊ शकतं, हा शोध त्या सकाळी आमच्या शेडमध्ये लागला. आणि तिथं उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांपैकी एकालाही तो चुकीचा वाटला नाही.

"मिस्तरी, ठेव ती काडी," मालक त्याच्या समोर येऊन म्हणाले. "कानानं ऐक. सारं जग कानानं ऐकते."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

मला एवढंच म्हणायचं होतं, की त्याला ऐकू येत नाही, काडीशिवाय त्याला जमणार नाही. पण ते मी म्हटलं असतं तर त्याचं गुपित फुटलं असतं. मी वचन दिलं होतं. वचनाची आठवण मला त्या क्षणी फार सोयीची झाली. कारण दुसरंही एक म्हणता आलं असतं. गुपित न फोडता, नुसतं, "लावू द्या की काडी, काय होतं?" तेवढं तर कोणीही म्हणू शकलं असतं. मी वहीत मान घातली.

पुन्हा वर पाहिलं तेव्हा त्यानं काडी कमरेला खोचली होती. इंजिन चालू झालं. मिस्त्री बॉनेटवर वाकला, उजवा कान पंपाजवळ नेला, डोळे मिटले. मला, मालकांना, त्या ड्रायव्हरला, सगळ्यांना तो घुमणारा आवाज ऐकू येत होता. फक्त त्याला नाही. कितीतरी वेळ तो तसाच राहिला. ड्रायव्हर चाक फिरवून फिरवून कंटाळला.

"काय म्हणते ती?" मालकांनी विचारलं.

तो अजून वाकलेलाच होता. मालकांनी त्याच्या खांद्याला हात लावला. तेव्हा तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "पंप."

त्यानं अर्धंच ऐकलं होतं. काडी जिथपर्यंत पोचली होती तिथलं सांगितलं.

पंप उघडला. आतल्या चकत्या आरशासारख्या होत्या, एक ओरखडा नव्हता. मिस्त्रीनं एकेक चकती उजेडात धरून पाहिली. झाकणाखालचं जुनं रबरी वायसर उघडताना तुटलं होतं, आणि तसलं वायसर माझ्या स्टोअरात काय, नागपुरातही मिळण्यासारखं नव्हतं. त्यानं चामडं कापून बसवलं. दोन दिवस खटपट केली. गाडी चालू केल्यावर आवाज होता तसाच होता, आणि वर पंपातून तेल गळत होतं.

नागपूरहून माणूस आला. तरुण होता, बोलका होता. त्यानं ड्रायव्हरची सगळी हकिकत कौतुकानं ऐकून घेतली आणि पंप, डबा, नळ्या सगळं उपटून भंगारात फेकलं. गाडीला पहिलं लोखंडी स्टेअरिंग परत लावलं. आवाज गेला. ड्रायव्हर पुन्हा जागेवरून उठून वळणं घेऊ लागला. भाऊसाहेबांनी आभार मानले, पण जिनाच्या ट्रका काही आमच्याकडे आल्या नाहीत. तरुण माणूस मात्र गॅरेजात राहिला, आणि मालकांनी मिस्त्रीला गाड्या धुवायला आणि ग्रीस भरायला लावलं. त्या कामाला कान लागत नाहीत.

तो बोलेनासा झाला. गाडी आत आली की ड्रायव्हर नव्या माणसाला हवं तेवढं सांगत बसत. त्यांना कोणी थांबवत नव्हतं.

महिन्याभरानं एका दुपारी तो माझ्या खिडकीशी आला. हातात भंगारातली ती तेल ओढणारी नळी होती. बाहेरून धडधाकट. त्यानं तिचा एक तुकडा कापला, चाकूनं उभा चिरला आणि उघडून माझ्यासमोर धरला. आतल्या बाजूचं रबर सालीसारखं सुटून लोंबत होतं. मग दुसरा न चिरलेला तुकडा घेऊन त्यानं तोंडाला लावला आणि ओढलं. त्याचे गाल आत गेले. साल नळीच्या तोंडावर येऊन बसली, वारा बंद. फुंकर मारली, साल उघडली.

"पंप तेल ओढे, आन् हे मिटे," तो म्हणाला. "तेल भेटत नव्हतं म्हून पंप रडे. रडे तो, पन दुखणं इथं होतं. काडी एक वीत पुढं गेली असती, बाबू. एक वीत."

"मालकांना सांगू?" मी म्हणालो. "मी सांगतो. नळीच खराब होती म्हणतो."

"काय सांगसान?"

मी वहीचं पान उलटलं.

"त्याइले माईत नव्हतं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "त्याइचं मी धरत नाई. तुमाले त माईत होतं."

एवढं बोलून त्यानं नळी पुन्हा भंगारात टाकली आणि बादली उचलून गाडी धुवायला गेला. मी माझ्या जाळीमागे बसून राहिलो. त्या दुपारी कोणाला काय सामान दिलं ते मी वहीत लिहिलं नाही. संध्याकाळी मालकांनी मला झापलं.

पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी एकदा नाचणगावला त्याच्या वस्तीत गेलो. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच. त्याचं घर बंद होतं. शेजारच्या बाईनं मला बसायला खाट टाकली आणि पाणी आणलं. म्हणाली, "बायको-पोरी घेऊन गेलता तो. कुठं त नाई सांगतलं." कोणी म्हणे नागपूर, कोणी म्हणे भिलाईला पोलादाचा मोठा कारखाना उभा राहतोय तिकडे. मला भिलाईच खरं वाटतं. तिथल्या आवाजात सगळेच ओरडून, हातवारे करून बोलत असतील, म्हणजे त्याचं बहिरेपण कोणाच्या लक्षात येणार नाही. हे मी स्वतःला पटवून दिलेलं आहे. त्याची मला पुढे कधीच काही खबर मिळाली नाही.

बाईनं दिलेलं पाणी मी प्यालो. ते मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता.

काडी त्यानं माझ्या खिडकीच्या फळीवर ठेवली होती. शेवटच्या दिवशी ठेवली असावी. मला ती दोन दिवसांनी पान्यांच्या मागे सापडली. एक टोक ग्रीसनं काळंभोर झालेलं. दुसऱ्या टोकाला दातांचे ठसे, वरचे चार, खालचे तीन, इतके खोल की बोटाला लागत. मी ती घरी आणली. बरीच वर्षं ती ट्रंकेत होती, कपड्यांच्या खाली.

एकदा बायको माहेरी गेली होती. दुपारची वेळ. मी ट्रंक उघडून काडी काढली, ओसरीवर शिवणयंत्र मांडलं आणि चपटं टोक दातांत धरलं. दात त्याच्या ठशांत बसले नाहीत, जरा बाजूला बसले. एका पायानं पायडल मारत मी दुसरं टोक यंत्राला टेकवलं. आणि आवाज आला. कानात नाही, कपाळात. सुईचा, चाकाचा, खालच्या दांड्याचा, त्यानं आवळलेल्या त्या स्क्रूचासुद्धा, प्रत्येकाचा निराळा आणि स्वच्छ. तो म्हणाला होता तसंच. जादू नव्हती. कोणालाही ऐकू आलं असतं.

पण दातांत धरण्याआधी मी ती काडी मोरीवर नेऊन साबणानं धुतली होती. दोनदा. घरात दुसरं कोणी नव्हतं.